सतरा नंबरची कुंडी

आमच्या अण्णांना कुंडी वाजवून बघायची सवय होती. सकाळी चहाच्या आधी, बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा घालून ते बोटाच्या पेरानं एकेक कुंडी ठोकत जायचे. ठण्ण वाजली म्हणजे माती सुकली, पाणी द्यायचं. ठप्प आवाज आला म्हणजे आत ओल आहे, आज तिला हात लावायचा नाही. साठ-सत्तर कुंड्या सहज असतील. मी अंथरुणात पडल्या पडल्या ऐकत असायची, ठण्ण, ठण्ण, ठप्प, आणि त्यामागे लोको शेडचा भोंगा, आणि स्वयंपाकघरात आईचा स्टोव्ह भरभरायला लागलेला. पुढे पुढे मला न बघता सांगता यायला लागलं, कुठली कुंडी तहानलेली आहे ते. अण्णा म्हणायचे, "नलूचा कान चांगला आहे." माझ्या बाबतीत त्यांनी केलेलं हे बहुधा एकमेव कौतुक, म्हणून अजून लक्षात आहे.

लखनौला आम्ही रेल्वे कॉलनीत राहायचो, आलमबागेच्या बाजूला. अण्णा रेल्वेत इंजिनिअर. घरात आम्ही तिघंच, आणि मराठी बोलणारं अख्ख्या कॉलनीत दुसरं घर नाही. आई मिरजेची. तिला त्या गावात दोनच गोष्टींचं दुःख होतं, कुळीथ मिळत नाहीत आणि कढीपत्त्याचं झाड धरत नाही. पुढचं अंगण सगळं अण्णांच्या गुलदाउदीचं. गुलदाउदी म्हणजे आपली शेवंतीच हो, फक्त तिकडे तिला एका दांडीवर एकच फूल धरून डोक्याएवढी वाढवतात. आई मुद्दाम म्हणायची, "शेवंती ती शेवंती. वेणीत माळायची सोडून तिला फूटपट्टी लावणारे लोक मी इथेच बघितले." अण्णांना ते फार लागायचं. मोहरीची पेंड हौदाशेजारी डब्यात कुजवत ठेवलेली असायची, तिचं पाणी खत म्हणून घालायला. त्या वासानं आमच्याकडे पाहुणा जेवायला बसला की आधी रुमाल शोधायचा. आई शेंगदाण्याच्या कुटाची आमटी वाढता वाढता शांतपणे सांगायची, "आमटी नाही हो ती, आमच्या ह्यांची बाग आहे."

बागवाले लोक म्हणजे एक वेगळीच जात असते, हे मी तेव्हाच शिकले. दुसऱ्याच्या घरी गेले की नमस्काराच्या आधी ते पान उलटं करून बघतात, कीड आहे का. असली तर चेहरा दुःखी करतात, पण घरी जाताना चाल हलकी झालेली असते. आमच्या ओळीत शेवटच्या क्वार्टरमध्ये एक गार्डसाहेब होते, ते नोव्हेंबर लागला की कळ्यांवर वर्तमानपत्राच्या टोप्या घालायचे, दवापासून जपायला असं सांगून, पण खरं म्हणजे कुणाला बघता येऊ नये म्हणून. आणि अण्णा! संध्याकाळी ऑफिसातून आले की बूट न काढता कळ्या खुडायला बसायचे. मधली एक ठेवायची आणि बाजूच्या सगळ्या चिमटीनं काढून टाकायच्या, म्हणजे सगळा रस एकीलाच. आई ते बघायचीच नाही, आत निघून जायची.

शेजारच्या क्वार्टरमध्ये श्रीवास्तवजी. मी त्यांना ताऊजी म्हणायची आणि त्यांच्या पत्नीला ताईजी. ते ड्रॉइंग ऑफिसात हेडक्लार्क होते, म्हणजे हुद्द्यानं अण्णांच्या खाली, पण फाटकाच्या आत आले की अण्णा त्यांचे शागीर्द. बुटके, जाड भिंगांचा चष्मा, खिशात नेहमी सुतळीचं भेंडोळं. कुणाचंही झाड कललेलं दिसलं की परवानगी न घेता बांधून टाकायचे. डिसेंबरात रेल्वे इन्स्टिट्यूटच्या लॉनवर प्रदर्शन भरायचं, तिथला मोठ्या एकेरी फुलाचा कप सहा वर्षं लागोपाठ त्यांच्याकडे गेला होता. दुसरा नंबर अण्णांचा. ताऊजी दर वर्षी कप घेऊन सरळ आमच्याकडे यायचे आणि त्यातच चहा ओतून प्यायला लावायचे. "आधा आपका है, साठे साहब." अण्णा हसायचे. मी त्यांची मुलगी, मला कळायचं की ते हसू ओठांच्या वर चढत नाही.

आता एक रीत सांगते, नाहीतर पुढचं समजायचं नाही. गुलदाउदी फुलून गेली की बुंध्याशी कोंब फुटतात. जानेवारी-फेब्रुवारीत ते मुळासकट काढून नवीन लावायचे. त्यानंतर खरी परीक्षा, कारण लखनौचा उन्हाळा आणि मग पाऊस, यातून मूळ झाड जगवणं फार कठीण. म्हणून जे झाड आपल्याला जिवापाड प्यारं, त्याचा एक कोंब दुसऱ्या चांगल्या हाताच्या माणसाकडे द्यायचा. आपलं मेलं तर त्याच्याकडून परत मागायचं, आणि त्यानं द्यायचं. हे कुणी कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. सगळे पाळायचे. टोप्या घालणारे गार्डसाहेबसुद्धा पाळायचे.

तर त्या वर्षी ताऊजींनी स्वतः बी धरून रोपं केली होती. गुलदाउदीच्या बियांतून काय येईल याचा नेम नसतो, शंभरातली नव्व्याण्णव फेकायची. त्यातलं सतरा नंबरचं रोप पहिल्या हिवाळ्यात जेमतेम लिंबाएवढं फुललं, पण रंग असा की अण्णा पाय दुमडून त्याच्यासमोर खाली बसले. पाकळ्या वरून घासलेल्या तांब्यासारख्या आणि उलट बाजूनं ताकासारख्या. असं झाड दुसरीकडे कुठेच नव्हतं, असणार तरी कसं? ताऊजी म्हणाले, "अगले साल एक डंडी, एक फूल लेंगे, तब पता चलेगा क्या चीज़ है. नाम तभी रखेंगे." फेब्रुवारीत त्यांनी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्याचे दोन कोंब आणले आणि अण्णांच्या हातात ठेवले. बाकी कुणाला दिले नाहीत. "आपके यहाँ भी रहे," एवढंच म्हणाले.

उन्हाळा निघाला. श्रावणात ताऊजी आणि ताईजी मुलीच्या बाळंतपणासाठी कानपूरला गेले, आणि त्याच आठवड्यात असा पाऊस लागला की कॉलनीतला नाला तुंबून अंगणात गुडघाभर पाणी. दोन दिवस कुंड्या नुसत्या पाण्यात बुडून होत्या. आमच्या निम्म्या गेल्या. सतरा नंबरच्या दोनांपैकी एक सडली. दुसरी वाचली, कारण मलिहाबादहून आलेल्या दशहरी आंब्यांच्या रिकाम्या पेटीवर मी ती सहज उचलून ठेवली होती. अण्णांनी तिचे बाजूचे सगळे फुटवे आधीच खुडलेले होते. कमरेएवढी एकच सरळ दांडी आणि तिचा एकच शेंडा.

ताऊजी परत आले त्या दिवशी रात्रीच्या जेवणाला पिठलं होतं. अण्णा घास तोडता तोडता म्हणाले, "त्यांच्या सगळ्या गेल्या. सतराही गेला." आई म्हणाली, "अरेरे. बिचारे." अण्णांनी मान हलवली, पण मी समोर बसले होते. सहा वर्षांत त्यांच्या चेहऱ्यावर जे मी शोधत होते ते तेव्हा आलं. एवढंसं, पण आलं. त्यांनी पिठलं पुन्हा मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. फाटक वाजलं. ताऊजी उभे, हातात सहा इंची कुंडी, आत तळाला खापऱ्या घालून वर चाळलेली माती भरून तयार. मी फाटकाशी गेले.

"बिटिया, पापा हैं? अपना सत्रह नंबर तो बह गया. तुम्हारे यहाँ वाला ठीक है न? बस एक कलम मिल जाती."

मी चौदा वर्षांची होते. मला एवढंच दिसलं की आमच्या झाडाला शेंडा एकच आहे. कलम द्यायची म्हणजे तो कापायचा, आणि तो कापला की यंदाचं फूल गेलं, कप गेला, आणि काल रात्री अण्णांच्या तोंडावर आलेलं ते गेलं. मी म्हणाले, "वो तो मर गया, ताऊजी."

"अरे! कब?"

"पानी में. सब के साथ."

अण्णा आत दाढी करत होते. त्यांनी ऐकलं हे मला नक्की माहीत आहे, कारण वस्तऱ्याचा आवाज थांबला. ते बाहेर आले, अर्ध्या गालावर साबण. ताऊजींनी विचारलं, "क्यों साठे साहब, आपका भी गया?" अण्णांनी माझ्याकडे बघितलं. खांद्यावरच्या पंच्यानं गाल पुसला, साबण होता त्या बाजूचा आणि नव्हता त्याही बाजूचा.

"इस साल बारिश बहुत हुई, श्रीवास्तवजी."

"हाँ, सो तो है," ताऊजी म्हणाले. मग त्यांनी आणलेली कुंडी आमच्या गुलाबाच्या आळ्यात उपडी केली. "पत्ती की खाद मिली है इसमें. आपके काम आएगी." आणि रिकामी कुंडी काखेत घालून गेले.

आता या वयात गच्चीवर कुंड्या मांडून बसते तेव्हा मला जे साधं दिसतं, ते तेव्हा दिसलं नाही. नुसतं एवढं म्हणायचं होतं, ताऊजी, फुलून झालं की कोंब देतो. बस. त्यांच्याइतकं ते कुणाला कळलं असतं? शेंडा कापू नका असं त्यांनीच बजावलं असतं, वर रोज येऊन दांडीला सुतळी बांधली असती. अण्णांनाही हे माहीत होतं. मला माहीत नव्हतं ही माझी बाजू, पण ती मी फार वर्षं वापरली, आता विटली आहे. इथे लखनौतच, जानकीपुरमच्या आमच्या घरी नात मला विचारते, "आजी, आप हर किसी को पौधा क्यों दे देती हो? भाजीवाले भैया को भी दे दिया!" मी म्हणते, "जास्त झालेत गं." "हाँ, पर वो तो आपका सबसे अच्छा वाला था." मी विषय बदलते, तिला दूध प्यायला लावते.

त्याच दुपारी अण्णांनी सतरा नंबरची कुंडी उचलून मागच्या अंगणात नेली, हौद आणि न्हाणीघर यांच्या मधल्या कोपऱ्यात. आई कपडे वाळत घालत होती. ती म्हणाली, "इथे का? ऊन कुठे आहे इथे?"

"आहे दुपारपर्यंत."

"अहो, चोरून आणलंय का काय?"

अण्णांनी कुंडी भिंतीला टेकवली आणि आत गेले. आईनं मला विचारलं, मी सांगितलं. तिनं हातातलं ओलं लुगडं पुन्हा बादलीत टाकलं. मग बराच वेळ ती एकच लुगडं पिळत राहिली.

आणि काय फुललं म्हणून सांगू! डिसेंबरात ते झाड असं उमललं की आम्ही तिघं आळीपाळीनं अंगणात जायचो आणि एकमेकांना न सांगता परत यायचो. आई कपडे दोरीच्या दुसऱ्या टोकाला वाळत घालायला लागली. अण्णांनी एका सकाळी स्टीलची पट्टी लावली, सव्वानऊ इंच. फुलांची मापं लिहायच्या वहीत मात्र त्यांनी ते लिहिलं नाही. ते प्रदर्शनात न्यायचं कसं? ताऊजींनी ते गर्दीतही लांबून ओळखलं असतं. ज्याच्यासाठी मी खोटं बोलले, त्या फुलाला आमच्या न्हाणीघराची भिंत तेवढी बघत होती.

अण्णांनी प्रदर्शनात साधं पांढरं फूल नेलं. ताऊजींकडे त्या वर्षी काहीच नव्हतं, कप अण्णांना मिळाला. ताऊजींनी सगळ्यांच्या देखत त्यांना मिठी मारली. "सात साल लगा दिए आपने, यार! आज तो चाय हम पिएँगे, आप पिलाएँगे." त्या आधी परीक्षक यायचे होते तेव्हा आमच्या पांढऱ्या फुलाची मान जरा कलत होती, ती त्यांनीच बांधून दिली होती. मी बघितलं होतं. अण्णांनी घरी येऊन कप कपाटाच्या वर ठेवला आणि चहा काही झाला नाही, डोकं दुखतंय म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ताईजी निमोना घेऊन आल्या. हिरव्या मटाराचा रस्सा असतो तो, वाटून केलेला, हिवाळ्यात त्यांच्याकडचा नेहमी यायचा. आणि नेहमी मागच्या दारानंच. मी हौदावर भांडी घासत होते. कडी काढायच्या आत त्यांनी हात घालून ती स्वतः काढली, रोजच्यासारखी. "कहाँ हो, दीदी? जीत की खुशी में..." आणि थांबल्या. फूल त्यांच्यापासून चार हातांवर होतं. त्यावर ऊन आलेलं. त्यांनी ते नीट बघितलं. वाकून एक पाकळी बोटानं उलटी करून पाहिली. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, तिचे हात पिठाचे.

"ताईजी, बैठिए ना," आई म्हणाली. आवाज तिचा नव्हताच.

"नहीं, चूल्हे पे दाल है." त्यांनी वाडगा हौदाच्या कठड्यावर ठेवला. जाताना त्यांनी कडी बाहेरून लावायचा प्रयत्न केला, जी कडी आतूनच लागते. मग दार नुसतंच ओढून घेतलं.

तो निमोना आम्ही कुणी खाल्ला नाही. आईनं अण्णांना सांगितलं तेव्हा ती एकदाच चढ्या आवाजात बोललेली मला आठवते. "आजच्या आज जा आणि बोला त्यांच्याशी. पोरीच्या तोंडून निघालं ते पोरीचं. तुमच्या तोंडून काय निघालं?" अण्णा म्हणाले, "कोंब फुटू देत. रिकाम्या हातानं कसा जाऊ?" आई म्हणाली, "तुम्हाला सगळ्यालाच कोंब फुटावे लागतात." तरी ते गेले नाहीत. जानेवारी लागला. ताऊजी महिनाअखेर निवृत्त व्हायचे होते, क्वार्टर सोडून कानपूरला मुलीकडे जायचे होते. सुतळी खिशात होती, फाटकावरून नमस्कारही होता, पण आत ते येत नव्हते. ताईजींनी त्यांना सांगितलं होतं की नाही, हे आम्हाला कळायला मार्ग नव्हता.

पुढचं आधी सांगून टाकते. आमच्याकडे ठेवलेला सतरा नंबर त्यानंतरच्या पावसाळ्यात गेला. अण्णांनी त्यावर दोनदा आंतर्देशीय पत्र काढलं, "प्रिय श्रीवास्तवजी" लिहिलं, आणि पुढे लिहायला त्यांना जमलं नाही. मागायचं कुठल्या तोंडानं? त्यांनी गुलदाउदी लावणं हळूहळू बंदच केलं. कानपूरला तो जगला का, त्याला नाव मिळालं का, मला माहीत नाही. मी कधी गेले नाही. लखनौहून कानपूर म्हणजे दोन तासांचा रस्ता, आणि मी साठ वर्षं म्हणतेय की लांब पडतं.

तर जानेवारीत कोंब फुटले. त्यातला सगळ्यात जोमदार अण्णांनी कुंडीत लावला, कुंडीला बाहेरून गेरू दिला, तो सुकू दिला, आणि मला म्हणाले, "तू नेऊन दे. सांग, मेलं असं वाटलं होतं, पण खालून मुळाला पुन्हा फूट आली." मी म्हणाले, "अण्णा, तुम्ही चला ना." ते म्हणाले, "तुझ्यावर त्यांची माया आहे." आई आतून ऐकत होती.

ताऊजींच्या अंगणात एकही कुंडी उरलेली नव्हती. कॉलनीत वाटून टाकल्या होत्या. सामान बांधलेलं, दारात ट्रंका. ते ओट्यावर खुर्ची टाकून उन्हात बसले होते. मी कुंडी पुढे केली आणि पाठ केलेलं बोलायला लागले, "ताऊजी, वो सत्रह नंबर, हमने सोचा मर गया, पर नीचे जड़ से फिर..."

"हाँ हाँ, होता है," ते लगेच म्हणाले, मला वाक्य पुरं करू न देता. "जड़ का कोई भरोसा नहीं. कभी-कभी निकल आता है." त्यांनी कुंडी दोन्ही हातांनी घेतली, मांडीवर ठेवली. कोंबाचं पान उलटं करून बघितलं, सवयीनं. चष्मा वर केला. मग माझ्याकडे न बघता, त्या पानाकडेच बघत, अगदी हळू विचारलं, "बिटिया, खिला कैसा था?"

मला पळून जावंसं वाटलं. पण त्यांच्या आवाजात राग शोधूनही सापडेना. त्यांनी ते फूल आयुष्यात एकदाच बघितलं होतं, लिंबाएवढं. ते पुन्हा म्हणाले, "बताओ न. बैठो, बैठ के बताओ."

मी ओट्यावर बसले आणि सांगितलं. बाहेरच्या पाकळ्या आधी उघडल्या आणि खाली झुकल्या, मधल्या शेवटपर्यंत आत वळलेल्या राहिल्या, चेंडूसारख्या. रंग वरून तांब्याचाच, पण मोठं झाल्यावर जरा गडद. उलट बाजू तशीच, ताकासारखी. तीन आठवडे टिकलं. मान झुकली नाही. ते मध्ये मध्ये "अच्छा" म्हणत होते, डोळे मिटून. "गले में खाली तो नहीं रहा?" नाही, मध्ये पोकळ नव्हतं, म्हटलं. "और नाप?"

"सवा नौ इंच, ताऊजी."

त्यांनी डोळे उघडले. माफी मागायची ती वेळ होती, माझ्या तोंडाशी शब्द आलेही होते, पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. खुर्चीतून अर्धे उठून, कुंडी पोटाशी धरून, ते घराच्या दिशेनं तोंड करून ओरडले, एखाद्या पोराचा निकाल लागल्यासारखे, "सुनती हो? सवा नौ इंच! अपना सत्रह नंबर सवा नौ इंच का खिला था!"

आत ताईजी भांडी बांधत होत्या. भांड्यांचा आवाज थांबला. थोड्या वेळानं आवाज पुन्हा सुरू झाला.